पाठमोरी

तामेकिची इसोगाईला भुतांची भीती कधी वाटली नाही. वाटून चालण्यासारखंही नव्हतं. क्योतोच्या उझुमासा भागात सिनेमाचा एक स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या अंगाला नटनट्यांच्या केसांच्या टोपांची खोली, आणि त्या खोलीत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. वरच्या फळ्यांवर सामुराई, मधल्या फळीवर राजघराण्यातल्या बायका आणि गेइशा, आणि अगदी खाली, हाताशी, भुतं. दुपारी तो त्या खालच्या फळीला टेकूनच डबा उघडायचा. नव्याने कामाला लागलेल्या पोरींची तिथे बोबडी वळायची, आणि हा भात चघळत म्हणायचा, "अगं, केसच आहेत ते. चावत नाहीत."

एक नियम मात्र तो व्रतासारखा पाळायचा. भुताच्या डोक्यावर चढलेला टोप पुन्हा कुठल्या जिवंत बाईच्या डोक्यावर जायचा नाही. चित्रीकरण संपलं की तो मठात न्यायचा, भिक्षूंनी मंत्र म्हणायचे आणि टोप आगीत टाकायचा. बाकी खिळ्यालाही नाक मुरडणारे स्टुडिओचे मालक या एका खर्चाला कधी नाही म्हणाले नाहीत. घरी बायका-मुलं त्यांनाही होती.

तामेकिचीच्या घरी फक्त मुलगी होती, हात्सुए. बायको शिनो फार पूर्वी गेली, युद्धाच्याही आधी, छातीच्या दुखण्याने. तेव्हा हात्सुए जेमतेम चालायला लागली होती. शेवटच्या दिवसांत शिनोला स्वतःच्या केसांचं ओझं सोसेना. केस होतेच तसे, कमरेच्या खाली येणारे, त्सुबाकीच्या बियांच्या सुगंधी तेलाने माखलेले. तिने नवऱ्याला कात्री आणायला लावली.

"कापा," ती म्हणाली. "पण टाकू नका हं. हात्सुएच्या लग्नात नवरीला घालायचा टोप तुम्हीच करणार ना?"

"मग दुसरं कोण करणार?"

"मग यांचाच करा. मी काही तिथे नसेन. निदान डोक्यावर तरी असेन."

त्याने केस कापले, विंचरून जुड्या बांधल्या आणि किरीच्या लाकडाच्या पेटीत ठेवल्या. युद्धात भोंगे वाजले की तो आधी मुलीला उचलायचा, मग पेटीला, आणि मग आठवलं तर तांदळाला. हात्सुएला एवढंच ठाऊक होतं की बाबांच्या पेटीला हात लावायचा नाही, आत तिच्या लग्नाची काहीतरी गंमत आहे.

मुलीला त्याने एकट्याने वाढवलं. बोलण्यात तो कंजूष. माया करायची ती फणीने. रोज सकाळी तिच्या अशा वेण्या घालायचा की शाळेतल्या मुली विचारायच्या, "तुझी आई नटी आहे का गं?" हात्सुए घरी येऊन ते सांगायची, आणि हा मान खाली घालून फणी पुसत बसायचा.

हात्सुए वीस वर्षांची झाली, टोफू करणाऱ्यांच्या घरातल्या शुन्साकुशी तिचं जमलं, लग्न हेमंतात ठरलं. आणि त्याच वर्षी स्टुडिओचे दिग्दर्शक हिराओका मास्तर यांनी आपला भुताचा सिनेमा काढायला घेतला. हे सिनेमे ओबोनच्या सणाच्या सुमाराला लागतात. उकाडा असतो, पितर घरी आलेले असतात, आणि अंगावर काटा आला की तेवढंच गार वाटतं.

तामेकिचीने नेहमीसारखा टोप करून नेला. मास्तरांनी तो हातात धरून फिरवला.

"तामेसान, हे भूत आहे की झाडू?"

"मास्तर, भुताचे केस असेच असतात. पिंजारलेले."

"ते तुमच्या खालच्या फळीवर. मला चेटकीण नको, बाई हवी. आपल्या घरातली. स्वयंपाकघरात भाताच्या भांड्यापुढे उभी, आपल्याकडे पाठ करून. नवरा कामावरून येतो, दारातून बघतो, हाक मारणार इतक्यात त्याच्या ध्यानात येतं की हिला तर आपण मागल्या महिन्यात पोचवून आलो. झालं! ती काही करत नाही. नुसती वळायला लागते. आणि मी दृश्य तिथेच तोडतो."

"चेहरा नाही दाखवायचा?"

"चेहरा कशाला? पाठ बघूनच लोक मेले पाहिजेत."

तामेकिचीने मग एकामागून एक टोप केले. सगळे सुंदर आणि सगळे फुकट. बाजारातले केस उकळलेले, रंगवलेले असायचे. दिव्याखाली ते निर्जीव दिसायचे, आणि निर्जीवाला कोण घाबरतं? मास्तर नुसती मान हलवायचे. स्टुडिओत कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याचा हात गेला. ते त्याला फार लागलं. माणूस साधा होता, पण आपल्या हाताचा अभिमान त्याला होता, आणि तोच नडला.

एके दिवशी त्याने पेटी उघडली. तेलाचा वास अजून होता. एका दृश्याचं तर काम, तो स्वतःला म्हणाला. मग हाच टोप मोडून नवरीचा बांधायचा. मठात जाळायला तसाच दुसरा करून ठेवू. आगीला काय कळतंय?

तांब्याच्या साच्यावर त्याने ते केस एकेक करून बसवले आणि मानेवर सैलसर बांधले, शिनो बांधायची तसे, निळ्या सुती पट्टीने. तरी काहीतरी चुकत होतं. बराच वेळ बघत राहिल्यावर त्याला आठवलं. उजव्या कानामागची एक बट नेहमी सुटलेली असायची. शिनो कितीदा ती खोचायची, आणि पुन्हा सुटायचीच. त्याने बोटाने ती बट ओढून मोकळी केली, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

चित्रीकरणाच्या दिवशी टोप डोक्यावर चढवला तेव्हा ती तरुण नटी म्हणाली, "काका, हा गरम का लागतोय हो?"

"दिव्यांमुळे, पोरी."

"पण दिवे अजून लावलेच नाहीयेत."

त्याने टोपाची कड तिच्या मानेवर दाबून बसवली. थोड्या वेळाने दिवे लागले, भाताच्या भांड्यातून वाफ निघाली आणि ती नटी पाठ करून उभी राहिली.  नवऱ्याचं काम करणारा नट मुरलेला गडी, पण दारात आला आणि त्याच्या घशातून आवाजच फुटेना. मास्तरांना नेमकं तेच हवं होतं. कॅमेऱ्यामागे उभ्या तामेकिचीच्या ओठांवर मात्र "अगं" आलं आणि त्याने ते कसंबसं गिळलं. त्याला भीती वाटली नव्हती. त्याला घरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं.

पुढे मठात मंत्र झाले, दुसरा टोप आगीत गेला, सगळ्यांनी हात जोडले. तामेकिचीनेही जोडले. शिनोचे केस पुन्हा पेटीत होते.

सिनेमा लागला आणि गावाची पाचावर धारण बसली. पोरं घाबरली त्यात नवल नाही, पण बाप्ये माणसं चित्रगृहातून एकमेकांच्या बाह्या धरून निघू लागली. सार्वजनिक न्हाणीघरात बायका एकमेकींकडे पाठ करून बसेनात. नवरे कामावरून आले की दारातूनच ओरडायचे, "आधी तोंड दाखव गं!" आणि आतून उत्तर यायचं, "तोंड बघूनच तर रोज घाबरता, आज काय नवीन?" पण हसणाऱ्या बायकाही भात शिजवताना मधूनच मागे वळून बघायच्या. लांब केस सोडलेल्या भुतापासून पळता येतं. ही तर प्रत्येकाच्या घरात उभी होती.

हात्सुए आपल्या होणाऱ्या नणंदांबरोबर सिनेमाला गेली. आली ती गप्प.

"काय गं, घाबरलीस?" तामेकिचीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि न जेवताच झोपली.

पुढच्या दिवसांत तिचं लक्ष कशात लागेना. भात करपायचा. बसल्या जागी ती उजव्या हाताची मूठ उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. तामेकिची बघायचा आणि विचारायचं राहून जायचं. आयुष्यभर न विचारणाऱ्या माणसाला एकाएकी कसं जमणार?

मग शेजारच्या ओकानेबाईंनी त्याला गाठलं. चित्रगृहाच्या दाराशी जवाचा थंड चहा विकणारी ही बाई, गावाची खबर हिच्या किटलीत आधी उकळायची.

"इसोगाई, पोरीकडे लक्ष आहे का तुमचं? की टोपांनाच जन्म दिलाय?"

"काय झालं?"

"काल परत आली होती. परवाही. एकटी! सगळे डोळे झाकून पळत बाहेर येतात आणि ही तिकीट काढून आत जाते. बाहेर येते ती पांढरीफटक. मी हाक मारली तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच भूत आहे."

"तुम्ही दिसताच तशा," तो म्हणाला.

"थट्टा सुचतेय! लग्न ठरलेली पोर आहे. तिच्या मागे काहीतरी लागलंय, माझं ऐका. त्या भुताचा टोप जाळला ना नीट?"

 जाळला नव्हता. आगीला फसवलं होतं, आणि आग आता त्याच्या पोरीवर वसूल करत होती. जन्मभर भुतांना टेकून जेवलेला माणूस त्या दुपारी घरी जाऊन पेटीपुढे बसून राहिला. शिनोला दिलेला शब्द एकीकडे, तिची मुलगी दुसरीकडे. फार वेळ नाही लागला त्याला. पेटी कापडात बांधून तो मठात गेला.

म्हाताऱ्या भिक्षूंनी कापड सोडलं. "हा राहून गेला होता?"

"हो."

भिक्षूंनी ते केस हातात घेतले, वास घेतला. "इसोगाई, हे भुताचं आहे की माणसाचं?"

 त्याने नुसती मान खाली घातली. भिक्षूंनी पुन्हा विचारलं नाही. आग पेटली, मंत्र सुरू झाले. तेल मुरलेले केस क्षणभर उजळले, आणि त्या धुरात त्सुबाकीचा वास आला. तामेकिची तिथेच गुडघ्यांवर बसून रडला. शिनो गेली तेव्हा पोर कडेवर होती, म्हणून रडायचं राहून गेलं होतं.

तो घरी आला. दार सरकवलं. स्वयंपाकघरात भाताच्या भांड्यापुढे एक बाई पाठमोरी उभी होती, मानेवर केस सैल बांधलेले, निळ्या पट्टीने, आणि उजव्या कानामागे एक बट सुटलेली.

आयुष्यात पहिल्यांदा तामेकिचीला भुताची भीती वाटली. 

ती वळली. हात्सुए होती.

"बाबा, असेच होते ना आईचे केस?"

 तो उंबऱ्यावरच बसला.

"तो टोप तुम्ही केलात, मला माहीत आहे," ती त्याच्यासमोर येऊन बसली. "सिनेमात सगळ्या किंचाळल्या आणि मला मात्र... कसं सांगू? मी ओळखलं तिला. आईचा घरातला फोटो मी रोज बघते, पण त्यातली बाई मला परकीच वाटते. ही नाही. ही माझी होती. ती बट दिसली आणि माझी मूठ आपोआप मिटली. का, ते कळेचना, म्हणून परत परत गेले."

तामेकिचीने तोंडावर हात ठेवला. "तू तिच्या पाठीला बांधलेली असायचीस," तो म्हणाला. "ती भात करायची तेव्हा. दिवसभर. ती बट तूच ओढून सोडवायचीस, बाळ. तुला तिचं तोंड कुठून आठवणार? तू तेवढंच बघितलं होतंस."

हात्सुए हसली आणि रडायलाही लागली. मग तिने नाक वर केलं. "बाबा, तुमच्या अंगाला धुराचा वास का येतोय? आणि..." ती पुढे झुकली. "आणि तेलाचा?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. पेटीतली गंमत, लग्नाचा शब्द, दुसरा टोप, ओकानेबाई, मठ. हात्सुएने एकदाच विचारलं, "सगळे?" तो "सगळे" म्हणाला. ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

लग्नात तिने बाजारातल्या केसांचा टोप घातला. त्याने तो जीव ओतून केला होता, आणि सगळे वा वा म्हणाले. त्याने मात्र त्या टोपाकडे एकदाही नीट बघितलं नाही.

सिनेमा तोवर मोठ्या चित्रगृहांतून उतरून गल्लीबोळातल्या, बाकांच्या चित्रगृहात आला होता. फिल्मवर ओरखडे पडले होते, आवाज खरखरायचा. एका दुपारी हात्सुए सासरहून आली आणि म्हणाली, "बाबा, चला." दोघं जाऊन बसले. ते दृश्य आलं. पुढच्या बाकावरच्या पोरांनी डोळे झाकले, एक म्हातारी नामस्मरण करू लागली, कुणीतरी किंचाळलं. भांड्यातून वाफ निघत होती.

तामेकिचीने शेजारी बघितलं. अंधारात हात्सुएचा उजवा हात मांडीवरून हळूच उचलला गेला होता. बोटं पुढे झाली, आणि हवेत काहीतरी धरून मिटली.

"आई," ती म्हणाली, "वळ ना."

पडद्यावरची बाई वळायला लागली, आणि मास्तरांनी तिथेच तोडलं.