कच्च्या भज्यांचा रेकॉर्ड

सईद मिस्त्रींना ओळखायचं तर आधी त्यांच्या दुकानावरची पाटी वाचावी. सगळ्यात वर आहे ‘सईद मोटार वाइंडिंग, धाड’. त्याखाली ‘जळालेल्या मोटारी भरून मिळतील’. त्याखाली, पेंटरला जागा कमी पडल्यामुळे अक्षरं मांडीला मांडी लावून बसलेली, ‘जुन्या आटोला बॅटरी बसवून मिळेल’. आणि अगदी तळाशी, लाल रंगात, सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘धाडमधला सर्वांत जलद बॅटरी आटो’.

पेंटरनं तेव्हा ब्रश थांबवून विचारलं होतं, “सर्वांत जलद कशावरून, चाचा?”

“दुसरा हाय का गावात?”

“नाई.”

“मंग लिही.”

सईद मिस्त्रींचा हा सरळ हिशोब. बोअरवेलच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरण्यात त्यांची उमर गेली. मोटार उघडली की ते तिच्याशीच बोलत. “काऊन वं बाई, कोण्या गाढवानं तुले कोरडी चालवली?” तो गाढव समोर स्टुलावर बसलेला असायचा आणि मान डोलवायचा. बोलल्याशिवाय मिस्त्रींचा हात चालत नसे. तरुणपणी एकदा खामगावला एका कारखान्यात नोकरीला लागले होते. तिथं कामावर बोलायची मनाई होती. दुपारच्या सुट्टीत जे निघाले ते डबा न उघडता थेट धाडला. घरी येऊन तो डबा खाल्ला आणि बायकोला, नूरजहांभाभींना, म्हणाले, “लय चांगली नोकरी होती. पण थे मुक्यासाठी होती.” त्यानंतर त्यांनी कुणाची चाकरी केली नाही.

अशा माणसाच्या पाटीला धक्का दिला तो त्यांच्याच चेल्यानं.

प्रसेनजित शाळेत असल्यापासून सुट्ट्यांमध्ये मिस्त्रींकडे तार गुंडाळायला बसायचा. पुढे आयटीआय केलं, पुण्याला राहून आला, आणि स्टँडजवळ त्यानं कंपनीच्या बॅटरी आटोचं शोरूम टाकलं. काचेचा दरवाजा, गोल फिरणारी खुर्ची, चार भिंतींना चार रंग. एका भिंतीवर भला मोठा टीव्ही. त्यावर दिवसभर एकच गोष्ट चालू. परदेशातल्या बॅटरीच्या गाड्या डोंगरातल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पळतायत, एका कंपनीनं फेरीचा रेकॉर्ड केला की महिनाभरात दुसरी येऊन तो मोडते, की पहिली पुन्हा नवीन गाडी घेऊन हजर.

उद्घाटनाचा पेढा खाता खाता मिस्त्रींनी हे सगळं नीट पाहिलं आणि टीव्हीकडे बोट केलं.

“परसन्या, हे लोक निघून राह्यले कुठून?”

“त्या ट्रॅकच्या गेटातून, चाचा.”

“अन् जाऊन कुठं राह्यले?”

“परत तिथंच.”

“मंग गेले कायले?”

शोरूममध्ये हशा झाला. प्रसेनजितलाही हसू आलं, पण मालकाच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला हसून भागत नाही. तो म्हणाला, “चाचा, जमाना रेकॉर्डचा हाय. ज्याचा रेकॉर्ड त्याची गाडी खपते. तुमची ती लाल ओळ आता पुसा लागते.”

मिस्त्रींनी तोंडातला पेढा घाईघाईनं गिळला.

“पुसून दाखव,” ते म्हणाले.

झालं, पैज लागली. स्टँडपासून निघायचं, मशिदीवरून बाजारपट्टीत, तिथून शाळा, बुद्धविहार, पाण्याची टाकी आणि परत स्टँड. ज्यानं गाडी बनवली किंवा विकली त्यानंच ती चालवायची. मिस्त्री हरले तर लाल ओळ पुसायची आणि दुसऱ्या दिवसापासून शोरूममध्ये सर्व्हिसिंगला यायचं, युनिफॉर्म घालून. प्रसेनजित हरला तर त्यानं आपल्या शोरूमवर लिहायचं ‘धाडमधला दुसऱ्या नंबरचा जलद आटो’.

युनिफॉर्म फिक्कट निळा होता. खिशावर मिस्त्रींचं नाव शिवलेलं. प्रसेनजितनं तो शर्यतीच्या आधीच शिवून घेतला आणि काचेतून दिसेल असा टांगून ठेवला. येता-जाता मिस्त्रींना तो दिसे. “त्याच्या गळ्याचं बटन पाह्यलं का?” ते भाभींना म्हणाले. “ते लावलं की माणूस बोलूच शकत नाई.”

आता वेळ मोजायचा प्रश्न आला. मोबाइलवर मोजून पाहिली, तर मिस्त्रींच्या माणसाचा मोबाइल लवकर थांबे आणि प्रसेनजितच्या माणसाचा उशिरा सुरू होई. दोन्ही गट एकमेकांना मोबाइल दाखवत भांडू लागले. शेवटी एसटीचे निवृत्त कंडक्टर अर्जुनराव, जे कुठल्याही गर्दीत आपणहून पुढे होतात, म्हणाले, “मशीन खोटं बोलते. समद्याइले दिसन असं काईतरी पायजे.”

आणि सगळ्यांचं लक्ष बेबीताईंच्या कढईकडे गेलं.

स्टँडवर बेबीताईंचं हॉटेल आहे. तिथली कांदाभजी लिंबाएवढी, मध्यम आचेवर, सावकाश तळलेली. घाणा तेलात पडला की अर्जुनरावांनी कंडक्टरची शिट्टी मारायची आणि आटो सुटायचा. आटो परत आला की बेबीताईंनी घाणा जसा असेल तसा काढायचा. भजी जितकी पांढरी तितका आटो जलद. यात खोटं करायला जागा नव्हती. सगळ्या गावाला भज्याचा रंग कळतो.

बेबीताई झारा हातात घेऊन सगळं ऐकत होत्या. “माही एक अट हाय,” त्या म्हणाल्या. “माया हॉटेलात घाणा वाया जात नाई. जो परत येईन त्यानं आपले भजे खायाचे. समदे. ताट खाली झालं की रेकॉर्ड धरला. ताटात भजं उरलं तर रेकॉर्ड बी गेला.”

प्रसेनजित हसला. “ताई, फुकट भजे खायाले कोण नाई म्हणन?”

बाजाराचा दिवस ठरला, पण बाजार ओसरल्यानंतरचा. तरीही स्टँडवर माणूस मावत नव्हता. ज्यांची जीप भरली होती तेही उतरून थांबले. जीपवाला बोंबलत होता, “चला न हो, रातच्याले पोहोचवू काय?” शेवटी तोही येऊन कढईजवळ उभा राहिला.

पहिली पाळी मिस्त्रींची. त्यांचा आटो म्हणजे एके काळची डिझेलची गाडी. पोटात बॅटरी आली तरी तिची खडखडायची सवय गेली नव्हती. शिट्टी वाजली. मिस्त्री निघाले ते बोलतच. “चाल वं बाई, आज इज्जतीचा सवाल हाय.” आवाज मशिदीपाशी विरला. लोक कढईत वाकून पाहू लागले. भजी वर आली, पिवळी झाली, एक कड बदामी झाली, बेबीताईंनी ती उलटवली, आणि चांगली खरपूस होत आली तेवढ्यात टाकीच्या बाजूनं खडखडाट ऐकू आला.

घाणा निघाला. जसं भजं असावं तसं भजं. मिस्त्रींनी पहिलं तोंडात टाकलं, डोळे मिटले, दुसऱ्यासोबत मिरची मागितली, तिसऱ्यासोबत चहा. ताट रिकामं करून त्यांनी असा ढेकर दिला की अर्जुनरावांनी तोच अधिकृत निकाल धरला.

“एवढ्याले रेकॉर्ड म्हणता?” प्रसेनजित म्हणाला.

“तू म्हाताऱ्यावर दया नको करू बे,” मिस्त्री म्हणाले. “पळव पुऱ्या ताकदीनं. पाहू दे कंपनीचा दम.”

तो पळाला. खरंच पळाला. आवाज नाही, खडखड नाही, नुसता वारा गेल्यासारखा. बाजारपट्टीत दोन कोंबड्या आणि एक पुढारी बाजूला उडाले. बेबीताई शेवटचं भजं सोडून हात पुसत होत्या तेवढ्यात तो टाकीपाशी दिसला. बेबीताईंनी झारा घातला. भजी निघाली ती पांढरीफटक. बाहेरून जरा धरलेली, आत पीठच पीठ. कांदा इतका ताजा की त्यानं डोळ्यांत पाणी आणावं.

“रेकॉर्ड!” त्याची माणसं ओरडली.

“बरोबर हाय,” मिस्त्री म्हणाले. “असा रेकॉर्ड धाडमंधी कोणं नाई केला. बस, खा आता.”

ताट समोर आलं. प्रसेनजितनं पहिलं भजं धिटाईनं खाल्लं. दुसरं चावलं तर त्यातलं पीठ हनुवटीवर आलं. तिसरं त्यानं हातात धरून खूप वेळ पाहिलं.

“चाचा, हे कच्चं हाय.”

“जलद हाय म्हून कच्चं हाय. हळू आला असता तर शिजलं असतं.”

“पानी द्या.”

“पानी पे,” बेबीताई म्हणाल्या, “पण पिठात पानी गेलं का थे फुगते. सांगून ठेवलं.”

प्रसेनजितनं हातातलं भजं ठेवून ताट हळूच पुढे सरकवलं. ते भजं सरकत सरकत ताटाच्या काठाला लागलं आणि तिथंच राहिलं. अर्जुनरावांनी लांब शिट्टी मारली. “ताटात माल बाकी. रेकॉर्ड नामंजूर.”

मग गलका झाला. ही काय पद्धत, रेकॉर्ड चाकांचा की पोटाचा, वगैरे. बेबीताईंनी झाऱ्यानं कढईच्या काठावर दोनदा ठोकलं तेव्हा सगळे गप्प झाले. “पोरा, पुन्हा जा,” त्या म्हणाल्या. “एक पाळी अजून देते. पण अकलेनं जा. चाचाच्या भज्यापेक्षा जराशी कमी लाल, पण खाता येईन अशी पायजेत.”

म्हणजे आता त्याला पळायचंही नव्हतं आणि रेंगाळायचंही नव्हतं. मिस्त्री तिथंच बाकड्यावर बसून होते. समोर रस्त्यापलीकडे शोरूमच्या काचेत निळा युनिफॉर्म लटकत होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि उगाचच आपल्या गळ्याचं बटन उघडलं.

शिट्टी वाजली. प्रसेनजित निघाला, मोजून मापून, खात्यापित्या घरच्या माणसासारखा. आणि इथंच तो फसला. आमच्याकडे आटो जोरात गेला तर लोक बाजूला होतात, पण हळू गेला तर हात करतात. आणि हात केल्यावर आटो न थांबवणं धाडमध्ये सहसा कुणाला जमत नाही. मशिदीपाशी एकानं हात केला, प्रसेनजितनं मान वळवली. बाजारपट्टीत दोघांनी केला, त्यानं हॉर्न वाजवून वेळ मारून नेली. बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर मात्र भिमाबाई उभी होती. भिमाबाई म्हणजे त्याची सख्खी आत्या. डोक्यावर कांद्याची थैली, बगलेत कोंबडी.

“थांब रे परसन्या!”

आता तुम्हीच सांगा, रेकॉर्ड मोठा की आत्या? ब्रेक लागला. थैली चढली. कोंबडी चढली. आत्या चढली. मग आत्याची चप्पल खाली राहिली म्हणून आत्या उतरली. टाकीपर्यंत आत्यानं त्याला विचारलं, पोरीचं काय ठरलं, आई काऊन फोन उचलत नाई, अन् हा आटो आवाज काऊन करत नाई, बिघडला का काय.

स्टँडवर कढईतून धूर निघू लागला होता. आटो आला तेव्हा बेबीताईंनी झाऱ्यावर जे काढलं त्याला भजी म्हणणं म्हणजे कोळशाचा मान वाढवणं होतं.

“आत्या!” प्रसेनजित कळवळून म्हणाला. “तुले आजच उभं राहायचं होतं?”

“मी कायले राहू?” भिमाबाई कोंबडी सावरत म्हणाली. “सकाळी सईद आला होता घरी. म्हणे, संध्याकाळी परसन्या गावात चकरा मारून राह्यला, कोपऱ्यावर उभी राह्य, घरापर्यंत सोडून देईन. पहिल्या चकरेत तर तू दिसलाच नाई.”

सगळं स्टँड मिस्त्रींकडे वळलं. मिस्त्री खिशात काहीतरी शोधू लागले. त्यांना ते सापडेना.

“चीटिंग हाय ही!” प्रसेनजितची माणसं उसळली. “ताई, तुम्ही सांगा.”

बेबीताईंनी थोडा विचार केला. “आत्याले उभं केलं थे चीटिंग नाई,” त्या म्हणाल्या. “आत्याले तसंच सोडून आला असता तर म्या एक बी भजं धरलं नसतं. जा, पाटीसाठी रंग आणा.”

आणि प्रसेनजित हसायला लागला. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग पोट धरून. पोट धरण्यामागे कच्च्या पिठाचाही हात असावा.

दुसऱ्या दिवशी शोरूमवर नवीन ओळ आली, ‘धाडमधला दुसऱ्या नंबरचा जलद आटो’. पहिलं गिऱ्हाईक आलं ते विचारतच, “पहिल्या नंबरचा कोण हो?” प्रसेनजित उत्तर देणार तेवढ्यात मागच्या गोल खुर्चीतून आवाज आला, “मी. पण तू ह्याचीच घे. मायावाली खडखड करते.”

मिस्त्री सकाळपासून तिथं येऊन बसले होते. कूलर समोर, चहा हातात, टीव्हीवर परदेशी गाड्या गोल गोल फिरतायत.

“चाचा, तुम्ही जिंकले ना? मंग इथं काऊन?”

“हरलो असतो तर यावंच लागलं असतं,” मिस्त्री म्हणाले. “जिंकलो म्हून मनानं आलो.” मग खुर्ची एक पूर्ण फेरी फिरवून परत जिथं होती तिथं आणली, आणि कोपऱ्यात उघड्या पडलेल्या मोटारीकडे पाहून म्हणाले, “हे कोणं भरली रे अशी? काऊन वं बाई, काय करून राह्यले तुले हे लोक?”

युनिफॉर्म अजून तिथंच टांगलेला आहे. प्रसेनजितनं त्याच्या गळ्याचं बटन तेवढं काढून टाकलंय.