अण्णांचं ‘र.उ.’

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी डेटावाला माणूस. मूळचा रहिमतपूरचा, कुपवाडला एका पार्सल डिलिव्हरीच्या गोडाऊनमध्ये अ‍ॅनालिस्ट आहे. कुठली गाडी कधी, कुठल्या रस्त्यानं जावी, हे माझं कॉम्प्युटर मॉडेल ठरवतं.

माझ्याआधी ते नेमूअण्णा ठरवायचे. बारावी नापास माणूस, पण ड्रायव्हर त्यांचंच ऐकायचे. यादी बघता बघता ते एखाद्या पार्सलपुढे रिमार्कच्या रकान्यात ‘र.उ.’ लिहायचे – राहू दे उद्या. का म्हणून विचारलं, तर "वाटलं बाबा तसं." आणि नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाइकाचं घर बंद, नाहीतर रस्ता बंद! माझा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी मीच साहेबांना रिपोर्ट दिला, की मॉडेल असताना या जागेची गरज नाही. अण्णा घरी बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पावसाळ्यातली सकाळ. कोयनानगरची गाडी भरून उभी होती. लॅपटॉप उघडला... तिच्या प्रत्येक पार्सलपुढे ‘र.उ.’! अण्णांचं लॉगिन तर कधीच बंद केलेलं. हिस्टरी पाहिली – नाव माझं, वेळ नऊ बारा. तेव्हा मी गेटवर ड्रायव्हर रफिकबरोबर चहा पीत होतो. लॅपटॉप बॅगेत, बॅग खांद्याला.

चिडून पुसायला लागलो, तेवढ्यात रफिक मागून डोकावला. "अण्णांचं र.उ. हाय न्हवं? मग आज मी न्हाई जात."

"अरे, अण्णा आहेत कुठं इथं? मी सांगतोय, जा!"

"तुमी सांगताय ओ... पर अण्णा नगं म्हणत्यात."

गाडी राहिली. दुपारी बातमी आली – पाटणच्या पुढं दरड कोसळली, रफिक जेव्हा तिथं पोचला असता अगदी तेव्हाच. हिस्टरीत माझं नाव बघून साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

संध्याकाळी अण्णांना फोन केला.

"मी? मी सकाळपासनं मळ्यात हळदीला खत घालतोय की. नऊच्या सुमाराला वाटलं खरं, राहू दे उद्या म्हणून सांगावं. पर म्हटलं, आता आपलं कोण ऐकतंय?"

याचा उलगडा अजून झालेला नाही. भीती म्हणाल तर वाटत नाही. पण जळतो मी, अजून जळतो... दोन स्क्रीन पुढ्यात मांडून मला दिसलं नाही, ते त्यांना मळ्यात कळलं!

रफिक आता गाडी काढताना रोज विचारतो, "अण्णांचं काय न्हाई न्हवं?"

आणि मॉडेल उघडायच्या आधी मी तो रकाना बघून येतो.