मिरची इकडं, ज्वारी तिकडं

सकाळी गिरणी सुरू केली. मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि जळकोटातला माझा पहिला आठवडा आठवला.

मिरची दळल्यावर गिरणी साफ न करताच मी एका बाईंची ज्वारी टाकली होती. पीठ लालसर पडलं. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि रस्त्यातच ओरडायला लागल्या. समोरचे गिरणीवाले शिवप्पा अण्णा रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, संपलं माझं दुकान.

अण्णांनी घरचं पीठ बाईंच्या डब्यात ओतलं. मग मला म्हणाले, "मिरचीनंतर आधी मूठभर कोंडा दळावा लागतो, पोरी. उद्यापासून ज्वारी माझ्याकडं लावून दे, मिरची मी तुझ्याकडं लावून देतो. दोघांच्याबी गिरण्या चालतील."

मी मनातून चरफडले. सोपं दळण ठेवून घेतलं आणि ठसका माझ्या गळ्यात मारला, असंच वाटलं.

आज लग्नसराईत उदगीरहूनही लोक मिरची माझ्याकडंच आणतात. तिखट दळावं तर मीच, हे मी बेधडक सांगते.

समोर नजर गेली. तेव्हा अण्णांची मिरचीची वेगळी, चांगली चालती गिरणी होती. त्या दिवशी परत जाऊन त्यांनी ती बंद करून तिच्यावर टाकलेलं पोतं अजून तसंच आहे.