निवेदक क्रमांक सात

प्रबंध टाइप करणाऱ्याच्या पोटात लेखकापेक्षा जास्त गोष्टी साठतात. लेखक आपला एकच प्रबंध वाचतो, आम्ही सगळ्यांचे वाचतो. अमरावतीला बापूसाहेबांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी अकरा वर्षं काढली. विद्यापीठाची नियमावली बापूसाहेबांना तोंडपाठ! डावा समास दीड इंच. पानावर पट्टी ठेवून मोजायचे.

एका वकिलांनी विचारलं, एवढी जागा कोरी कशाला?

बापूसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, पोथीले बी समास असते. वाचणाऱ्याचा अंगठा कुठं ठेवता?"

*

शेंदूरजनाघाटचे एक मास्तर संदर्भग्रंथांच्या दोनेकशे चिठ्ठ्या टेबलावर ओतून गेले. आडनावांप्रमाणे लावायच्या होत्या. आम्ही कुलूप लावून जेवायला गेलो, किल्ली माझ्या कमरेला. परत आलो तर चिठ्ठ्या ओळीनं लावलेल्या.

मी कुलूप पुन्हा उलटून पाहिलं. बापूसाहेबांनी मात्र बसून सगळ्या तपासल्या.

"दोन चुकल्या. ज्यानं लावल्या त्याले आडनाव कोणतं ते समजलं नाही."

*

धारणीच्या एका शिक्षकांच्या हस्तलिखितात एका पानावर तळटिपांचे आकडे चार आणि खाली टिपा पाच. पाचवीत एवढंच होतं : 'हे असं झालं नव्हतं.'

अक्षर त्यांचंच. ते म्हणाले, मी लिहिलेलं नाही. पान घरी नेलं. आठवड्यानं आले ते त्या पानावरचा अख्खा परिच्छेद खोडून. 

*

आणि अकोल्याचे गावंडे सर. बाळापूरकडच्या माळ्यांच्या बोलीवर त्यांचा प्रबंध होता. नोकरी पक्की होणं त्यावरच अवलंबून. तिसरं प्रकरण सगळं एका म्हाताऱ्या माळीबुवांच्या तोंडून ऐकलेलं. आदल्या हिवाळ्यात सर तीनदा त्यांच्या मळ्यात जाऊन बसले होते.

नियमाप्रमाणे बोली सांगणाऱ्या प्रत्येक निवेदकाचं नाव, गाव, वय आणि भेटीची तारीख हवी. सातव्या निवेदकाचं, म्हणजे माळीबुवांचं, वय राहिलं होतं. बापूसाहेबांनी सरांना बाळापूरला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि नोंदींची वही टेबलावर ठेवून बसले. मी विचारलं, वय मिळालं का?

"मिळालं. मुलगा म्हणाला, बाबा गेले तवा बहात्तराचे होते. त्याले आता तीन वर्षं झाली."

 सरांनी मुलाला वही वाचून दाखवली होती. तो रडायला लागला. म्हणाला, यातले कितीतरी शब्द आमच्या घरात फक्त बाबाच बोलत.

"मंग मले मळ्यात चहा कोणं पाजला, बापूसाहेब?" सर प्रकरण काढून टाकतो म्हणाले. पण ते काढलं की प्रबंधात उरत काय होतं!

बापूसाहेबांनी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "भेटीची तारीख मागितली आहे, ते आहे. निवेदक जिता पाहिजे, असं यात कुठंच नाही. सुमनबाई, टाइप करा."

मी केलं. वय बहात्तर. 

चार महिन्यांनी प्रबंध मंजूर झाला. बाहेरगावचे परीक्षक मोठे चिकित्सक, म्हणे स्वतः गावोगाव फिरून पडताळा घेत. त्यांनी भरभरून लिहिलं होतं. दुरुस्ती एकच सुचवली होती. सरांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

'निवेदक क्रमांक सात यांचे वय बहात्तर दिले आहे. प्रत्यक्ष भेटीत त्यांनी मला पंचाहत्तर सांगितले. कृपया दुरुस्त करावे.'