पातं बाहेरच जाणार!

लोक विचारतात, "द्वारकाबाई, एवढे किस्से तुम्ही आठवून ठेवलेत कसे?" अहो, आठवून कोण ठेवतंय! गिरगावातल्या बाइंडिंगखान्यात बारा वर्षं काढली की बोटांना खळ चिकटते आणि डोक्याला किस्से. खळ गरम पाण्याने निघते. किस्से मेले निघत नाहीत.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. छापखान्यातून छापलेले मोठमोठे कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. कुणी शिकवलं नाही, माझी मी शिकले. फक्त एक झालं. एका फर्म्यात सोळा पानं, आणि आठवडाभर हातात तोच फर्मा. त्यामुळे निम्म्या कादंबऱ्यांतली माणसं मला सतरा ते बत्तीस एवढ्याच पानांपुरती ठाऊक आहेत. कोण कुणाच्या प्रेमात पडली ते सांगते. लग्न झालं की नाही ते मला विचारू नका!

आम्ही बायका जमिनीवर बसून घड्या घालायचो. उभा असायचा एकटा बाबल, कागद कापायच्या मशिनशी. लालबागच्या चाळीत राहणारा मालवणी माणूस. त्या मशिनला दोन हात लांब पोलादी पातं होतं. एकदा चाक फिरवलं की अख्खा गठ्ठा लोण्यासारखा कापला जायचा. मला त्या मशिनशी उभं राहायचं होतं. बस, एवढंच. आणि मशीन त्याचं, ज्याला पातं राखता येतं. म्हणून मी मालकांना, म्हणजे अण्णांना म्हटलं, "धार मी लावते. इथेच."

अण्णा जुन्या मुंबईकर कारकुनी घराण्यातले. काळा कोट, काळी टोपी, आवाज खर्जातला. म्हणाले, "बायकांनी पात्याला हात लावायचा नाही. आणि धार घरी लावायची नाही. पातं बाहेरच जाणार!"

बाहेर म्हणजे परळला, भोईवाड्यात, पास्कू धारवाल्याकडे.

*

अण्णांचा सिद्धांत एकच : घरचं ते कच्चं. पातं बाहेर, कात्र्या बाहेर, दाढीचा वस्तरा बाहेर. एकदा कात्र्यांच्या पुडक्यात त्यांनी आपली पेन्सिलही घातली.

पास्कूने निरोप पाठवला, "अण्णांना विचारा, हिला पोलादासारखं पाणीपण द्यायचं का नुसती धार?"

पेन्सिल परत आली. टोक असं की सुईने लाजावं! अण्णांनी ती आम्हा सगळ्यांना दाखवली. "बघा! निघतं का असं टोक घरी?"

पेन्सिल बोटभर उरली होती.

*

पातं न्यायचं काम बाबलचं. गोणपाटात गुंडाळायचं, सुतळीने बांधायचं आणि ट्रामने परळ गाठायचं. लांबोडकं, जड, वर ओलसर गोणपाट. एकदा समोर वरळी कोळीवाड्यातली एक कोळीण बसली होती. तिचा डोळा त्या गोणपाटावर.

"दादा, कंचा घेतलास? घोळ का?"

बाबल म्हणाला, "मासो न्हय गो बाय."

तिला वाटलं, हा भाव सांगायला लाजतोय. तिने सरळ सुतळी सैल केली, दोन बोटं आत घातली, चाचपलं आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "अगो, यो तं निस्ता काटाच हाय! फसवलान गो याला!"

उतरेपर्यंत अख्खी ट्राम बाबलची समजूत घालत होती.

*

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज मोर्चा, उद्या हरताळ, नाक्यानाक्यावर पोलीस. लालबागला हवालदाराने बाबलला अडवलं.

"काय आहे यात?"

"पाता, सायबा."

"कशाला?"

"पुस्तका कापूक."

"धार आहे?"

"नाय ओ. म्हणान तर नेतंय."

"मग जा."

संध्याकाळी पातं घेऊन परत येताना तोच नाका, तोच हवालदार. "आता आहे का धार?" बाबल छाती काढून म्हणाला, "आता बघा!" हवालदाराने बघितलं आणि त्याला चौकीत बसवलं.

अण्णांनी जाऊन सोडवून आणलं. वाटेत तडकले, "अरे गाढवा, धार नाही म्हणून सांगायचंस! पोलिसाशी खोटं बोलता येत नाही?"

बाबल म्हणाला, "पोलिसाशी बोलेन ओ अण्णा. पण पास्कूच्या धारेबद्दल कसा खोटा बोलू?"

*

पातं असं अडकायला लागलं तेव्हा अण्णा जरा नरमले. मी मागे लागलेच होते. शेवटी त्यांनी धार लावायचा दगड आणला. चांगला, वीतभर रुंद. मला वाटलं, जिंकलं!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. हत्यारं सगळी पास्कूकडे! घरात होता तो फक्त दगड. अण्णांनी त्यालाच गंध लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला.

दसरा उलटल्यावर मी दगड उचलायला गेले, तर अण्णा किंचाळले, "अगं, काय करतेस? त्याची पूजा झालीय!"

"मग?"

"मग काय? देवावर लोखंड घासणार?"

दगड गेला देव्हाऱ्यात. रोज सकाळी त्याला आंघोळ. एवढं पाणी प्यायलेला दगड अख्ख्या मुंबईत कुठल्या धारवाल्याकडे नसेल. पातं मात्र त्याला एकदाही लागलं नाही.

*

मी का गप्प बसणार? बाबल चौकीला घाबरला होता, म्हणून कात्र्या पोचवायचं काम मी मागून घेतलं आणि पास्कूच्या दुकानात तासतास उभी राहू लागले. पास्कू मूळचा इथलाच किरिस्तांव, आमच्याइतकाच जुना मुंबईकर. "मला शिकवा," म्हटलं, तर म्हणाला, "तुला शिकवून मी काय माशा मारू गो?"

पण माणूस बढाईखोर. दर घासण्यागणिक आपली तारीफ. "बघ गो, धार दिसली म्हणजे ती धार नाय. उजेडात कड चमकली, तर मेली. काय्येक दिसायला नको!" असं करता करता सगळी विद्या त्याने बढाईतून देऊन टाकली.

एकदा त्याच्या बायकोने मला जेवायला थांबवलं. कांदा चिरायची सुरी अशी, की कांदा चिरत नव्हता, दबत होता. मी म्हटलं, "अहो, पास्कूंना सांगा ना!"

तिने दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. "त्यांना सांगू नको हां. मी नायगावला एकाकडे पाठवते. घरच्या धारेचा काय भरवसा!"

*

आमच्या चाळीतल्या सुताराकडून मी तेलाचा दगड मिळवला आणि मजल्यावरच्या सगळ्या विळ्यांवर हात बसवला. दोन पदर फाटले, एक काकू वर्षभर बोलली नाही. पण हात बसला. आता पातं तेवढं हवं होतं.

ते असं मिळालं. परळला संध्याकाळी सभा होती. तिची पत्रकं आमच्याकडे कापायला आली. वरच्या ओळीत 'मुंबईसह', खाली 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. दिवस हरताळाचा. ट्राम बंद, दुकानं बंद आणि पात्याची धार पार गेलेली. अण्णा म्हणाले, "पास्कूला घेऊन येतो," आणि कोट-टोपी घालून चालत भोईवाड्याला निघाले.

बाबलला धीर नव्हता. त्याने पहिला गठ्ठा तसाच लावला. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं. गठ्ठा सरकला आणि वरची ओळ साफ गेली.

तेवढ्यात सभेचा कार्यकर्ता आला. एक पत्रक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "अहो, यात मुंबई कुठाय?"

बाबलने कातरणाच्या टोपलीकडे बोट दाखवलं. "थंय."

कार्यकर्ता मटकन खाली बसला. "तिकडे दिल्ली मुंबई देत नाही, आणि इकडे तुम्ही कापून टोपलीत टाकता!"

अजून निम्मी पत्रकं शिल्लक होती. मी पदर खोचला. "बाबल, बोल्ट सोड. पातं काढ."

बाबल म्हणाला, "अण्णा माका ठेवचे नाय. तुकाव."

"ते मी बघते. सोड."

कार्यकर्त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला येतं का हे?"

मी म्हटलं, "तुम्हाला मुंबई मिळवता येते का? तरी ओरडताय ना रोज?"

मी पिशवीतून माझा तेलाचा दगड काढला. दोन तास दगड फिरवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तेल, फडकं, परत तेल. मग पातं खिडकीशी धरलं. कडेला काय्येक दिसेना! बाबलने बोल्ट आवळले. चाक मी फिरवलं. उभी राहून. गठ्ठा कापल्याचा आवाजसुद्धा आला नाही. प्रत्येक पत्रकावर मुंबई जागच्या जागी. कार्यकर्ता गठ्ठे उचलून धावत सुटला.

मग अण्णा आले. घामाने निथळत, टोपी हातात. पास्कू दुकानाला कुलूप घालून स्वतःच मोर्चात गेला होता. अण्णांनी उरलेल्या पत्रकांच्या कडेवरून हात फिरवला. डोळे विस्फारले. "अरे वा! काच आहे काच! कुणाकडे पाठवलंत पातं? गिरगावात पास्कूच्या तोडीचा निघाला कोण?"

बाबल छताकडे बघू लागला.

मी म्हटलं, "मी लावली. इथेच."

अण्णांचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं, बाबलकडे बघितलं. मग तरातरा मशिनशी गेले, वाकले आणि पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून भळाभळा रक्त यायला लागलं. कोटाच्या बाहीपर्यंत ओघळ. बाबल फडकं घेऊन धावला. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. अंगठा तसाच वर धरून, खर्जातल्या आवाजात मला म्हणाले,

"तरीच! म्हटलं, बोथटच लागतंय. उद्यापासून रोज इतकंच बोथट ठेवत जा!"