पेपरवाल्या काकांची दुसरी मुलाखत

मागच्या आठवड्यात मी आयुष्यातली पहिली मुलाखत घेतली... खरं तर तीच मुलाखत दोनदा घेतली.

मी मूळची कन्नड तालुक्यातली. बी.एस्सी. झाल्यावर घरच्यांना वाटत होतं, पोरगी बी.एड. करेल. मी पत्रकारितेला ॲडमिशन घेतली. आता शहरात मावशीकडे राहते आणि तिथून रोज विद्यापीठात जाते.

पहिले पंधरा दिवस वर्गात मी जवळजवळ गप्पच होते. कुणाचं यूट्यूब चॅनल आहे, कुणाला इन्स्टावर हजारो लोक ओळखतात. माझ्याकडे एक वही आणि फोटोंनी गच्च भरलेला फोन...

मग सरांनी पहिली असाइनमेंट दिली. रोज ज्याच्या शेजारून जाता पण ज्याच्याशी कधी बोलला नाहीत, अशा माणसाशी बोला. रेकॉर्डिंग आणि लेख, दोन्ही सोमवारी हवं.

मला लगेच मावशीच्या घराजवळचे पेपरवाले काका आठवले. साठी ओलांडलेले, डोक्यावर पांढरी टोपी. समोर फळीवर पेपर मांडलेले आणि हातात कायम एक पेपर उघडलेला.

शनिवारी सकाळी गेले. काका अर्धा तास भरभरून बोलले. "पैला पेपर मी वाचतो, मंग सगळी वस्ती वाचती," असं म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लेखाचं शीर्षकच मिळालं होतं मला!

घरी येऊन बघते तर रेकॉर्डिंग सव्वा मिनिटाचं. फोनमध्ये जागाच उरली नव्हती. त्या सव्वा मिनिटात मी एकटीच बोलत होते, माझी ओळख करून देत...

खरं सांगते, मनात आलं की आठवतंय तेवढं लिहावं आणि बाकीचं जुळवून घ्यावं. काका रेकॉर्डिंगला नको म्हणाले, असं सरांना सांगता आलं असतं. कोण बघायला जाणार होतं?

लिहायला बसलेसुद्धा. चार-पाच ओळी झाल्या आणि काकांच्या तोंडी मी एक वाक्य घातलं, जे ते बोललेच नव्हते. वाक्य छान जमलं होतं. इतकं सहज जमलं की माझीच मला भीती वाटली. कागद फाडून टाकला.

रविवारी सकाळी फोन रिकामा करून परत गेले. "काका, माझी चूक झाली. काल काहीच रेकॉर्ड झालं नाही. परत बोलाल का?"

वाटलं, वैतागतील. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला पेपर देऊन वाटेला लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लई बरं झालं बघ, पोरी."

मला काही कळेना.

"काल म्या तुला खोटं सांगितलं. मला वाचता येत नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणी दोन वर्षं शाळेत गेले, नंतर गुरांमागे लावलं. शहरात आल्यावर हा धंदा धरला. कुठला पेपर कोणता, ते नावाच्या वळणावरून आणि रंगावरून ओळखायला शिकले.

सुरुवातीला कुणीतरी सहज विचारलं, "काय म्हणतोय आजचा पेपर?" काकांना उत्तर देता आलं नाही, लाज वाटली. त्या दिवसापासून ते हातात पेपर उघडून बसायला लागले. गिऱ्हाइकं उभ्या उभ्या बातम्यांवर बोलायची, ते कान देऊन ऐकायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

"तीस वर्सं झाली. लोकं म्हणत्यात, काकाला सगळं ठाऊक असतं. खरं काय ते फकस्त घरवालीला म्हाईत."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. विचारलं, "काका, हे लिहू? का कालचंच परत सांगताय? तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी फळीवरचे पेपर उगाच सारखे केले. बराच वेळ लावला त्याला.

"लिही. माझं नाव नको, जागा नको. आन् लिहून झालं की मला वाचून दाखव. माझ्याबद्दल काय लिवलंय, ते मला कसं कळायचं?"

सोमवारी सकाळी बस पकडायच्या आधी लेख घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि डोळे मिटून ऐकायला लागले. मी वाचायला सुरुवात केली.

एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. मी लिहिलं होतं, 'बिचारे काका तीस वर्षं हातात पेपर धरून बसले.'

"बिचारा कशापायी?" रागानं नाही, अगदी शांतपणे विचारलं त्यांनी. "तीस वर्सं उन्हापावसात धंदा केला. दोन पोरी शिकवल्या. कुणाला कधी शिळा पेपर दिला नाय. तो शब्द काढ."

पेन काढून मी तिथंच तो शब्द खोडला. वहीवर नाही, छापून आणलेल्या पानावर. दुसरी प्रिंट काढायला वेळ नव्हता, तसंच पान सरांना दिलं.

मला तो शब्द लिहिताना जराही खटकला नव्हता. उलट आपण किती मायेनं लिहितोय असं वाटत होतं... त्या मायेत मी त्यांना किती खाली बसवलं होतं, ते त्यांनी सांगितल्यावर कळलं.

पुढं कितपत जमेल माहीत नाही. पण ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्यासमोर मोठ्यानं वाचता येईल असंच लिहायचं, एवढं मी ठरवलंय.

ही पोस्टसुद्धा आज सकाळी काकांना वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, आसंच झालं. टाक."