रोझलीनचं गाणं

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०१९. पहाटेपासून पाऊस, वारा खाडीवरून. दहाच्या मिस्सानंतर नेटा लामाँटला माती दिली. मग बोलिंग क्लबात सूप, सॉसेज रोल, चहा, व्हिस्की. नेटाचा मुलगा ग्रेगर लंडनहून आला होता. क्लबात मी भांडले. पश्चात्ताप नाही.

एरवी एवढं लिहून मी वही मिटते. पण उद्या आमच्या ग्रीनॉकच्या पेपरात ‘प्रसिद्ध गायकाला मातृशोक’ असं छापून येईल आणि त्यात रोझलीन क्विगचं नाव कुठेही नसेल. ते आजवर कुठेच आलेलं नाही. म्हणून आज जास्त लिहिते आहे.

रोझलीन आमच्याच जिन्यावरची. खाली नेटा, मध्ये क्विग मंडळी, सगळ्यांत वर मी आणि माझा नवरा फ्रँक. रोझलीनचा बाप डॅन जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉसने त्याची छाती खाल्ली. शेवटच्या वर्षी तो खिडकीशी बसून असायचा आणि खाडीपलीकडचे दिवे दाखवत लेकीला थापा मारायचा. तो दिवा बँकवाल्याचा, बायकोला घाबरून जागा आहे बिचारा. तो दिवा माझा, लॉटरी लागली की तिकडे राहायला जाऊ. सतराव्या वर्षी रोझलीनने त्या दिव्यांवर गाणं केलं.

वर्ष संपताना सगळा जिना नेटाच्या स्वयंपाकघरात जमायचा. बाराचे ठोके पडले की प्रत्येकाने आपापलं गाणं म्हणायचं. आपलं म्हणजे आपलंच. दुसऱ्याचं गाणं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. फ्रँकचं एक खलाशाचं गाणं होतं. तो गेल्यापासून ते त्या घरात कुणी म्हटलेलं नाही. कुणी मध्येच सूर मिसळला की नेटा पळी आपटून ओरडायची, “गाणारा एकच! बाकीच्यांनी तोंडं मिटा!”

डॅनच्या शेवटच्या वर्षअखेरीला रोझलीनने दिव्यांचं गाणं म्हटलं. डॅन भिंतीकडे तोंड करून बसला. वसंतात तो गेला. ती गात होती तेव्हा ग्रेगर फ्रिजला टेकून उभा होता, हे मला पक्कं आठवतं. दुसऱ्याचं गाणं म्हणायचं नाही, हा नियम त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. नियम त्याच्या आईचाच होता.

पुढच्या वर्षी तिघांनी बँड काढला. ग्रेगर गिटार वाजवायचा आणि गायचा, रोझलीन बेस वाजवायची आणि गायची, ड्रमवर समोरच्या घरातला शग. शाळेत खेळाच्या तासाला घालतात त्या कापडी बुटांवरून नाव ठेवलं, ‘द सँडशूज’. मी वर जपमाळ हातात घेतली की खाली ढमढम सुरू. पहिली रेकॉर्ड ग्लासगोच्या एका दुकानदाराने काढली. तिची पाकिटं माझ्याच टेबलावर घड्या घालून चिकटवली. मग रेडिओवर लागले. मँचेस्टर, हॅम्बर्ग, सगळीकडे एका गळक्या व्हॅनमधून. मासिकवाले लिहायचे, किती निरागस पोरं! त्या व्हॅनमध्ये शगच्या मोज्यांचा वास त्यांनी घेतला नव्हता. लोक रोझलीनच्या आवाजासाठी यायचे, हे शग आजही सांगतो.

तीन वर्षांनी लंडनची मोठी कंपनी आली. त्यांना दोन गळे नको होते आणि मुलगी फोटोत शोभत नव्हती. ग्रेगरने हे तिला जिन्यात सांगितलं. मी कोळसा घेऊन वर येत होते.

“तू काय म्हणालास त्यांना?” तिने विचारलं.

“मी काय म्हणणार, रोझ? त्यांचा निर्णय आहे.”

एवढंच. भांडला नाही, दार आपटलं नाही. तिला सोडून गेला आणि जाताना तिचं गाणं घेऊन गेला. नव्या रेकॉर्डवर दिव्यांचं गाणं त्याच्या आवाजात, जरा जलद, खाली त्याचं एकट्याचं नाव. तेच सगळ्यांत जास्त गाजलं. जपानपर्यंत गेलं. एका बिस्किटाच्या जाहिरातीत वाजलं! डॅन क्विग खोकून खोकून मेला आणि त्याच्या दिव्यांवर बिस्किटं विकली. पुढे बँड मोडला, पुन्हा जुळला, चिखलातल्या महोत्सवांतून टकली माणसं ते गाणं म्हणत रडू लागली.

ती रेकॉर्ड निघाली त्या वर्षअखेरीला नेटाने नेहमीप्रमाणे हाक दिली, “रोझलीन, तुझी पाळी.” तिने दोन ओळी म्हटल्या आणि सगळी खोली तिच्याबरोबर गाऊ लागली, रेकॉर्डवर आहे तसं, जलद. नेटाने पळी आपटली नाही. पोराच्या कौतुकात तीही गात होती. शेवटी कुणाची तरी भाची म्हणाली, “छान, पण ग्रेगरची सर नाही हं.”

त्यानंतर रोझलीन गायची थांबली. पाळी आली की म्हणायची, घसा बसलाय. तीस वर्षं बसलेला घसा. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. एकदा निरोपसमारंभात मुलांनी तेच गाणं बसवलं आणि बाईंनी ‘आपल्या ग्रेगर लामाँटचं’ म्हणून जाहीर केलं. ही खिडकीआड कस्टर्ड वाढत होती. मी तिला म्हटलं, वकिलाकडे जा. ती म्हणाली, “पैसे नकोत मला, रीटामावशी. माझ्या बापाचं गाणं मला तोंडात घेता येत नाही, त्याला कुठला वकील?”

आज क्लबात दोन पेले झाल्यावर गाणी सुरू झाली. शगने चमचा आपटून नेटाची नक्कल केली, लोक हसले. मग लांब काळ्या कोटातला ग्रेगर गिटार घेऊन उठला. “आईच्या स्वयंपाकघरात मी एक गाणं लिहिलं होतं,” तो म्हणाला.

मी उभी राहिले. “तू लिहिलं नाहीस.”

“रीटामावशी, आजचा दिवस नाही हा.”

“आजचाच आहे. तुझ्या आईच्या घरात दुसऱ्याचं गाणं कुणी म्हणत नसे. तू म्हणतोस, तेही तिच्या मातीवरचा चिखल बुटाला असताना!”

“सगळं मिळूनच केलं होतं हो आम्ही!”

“हो का?” शग म्हणाला. “मला तर कुणी विचारलं नव्हतं. बरंच झालं, नाहीतर फार घाण झालं असतं.”

रोझलीन माझ्यावरच उखडली. “बसा खाली, मावशी! माझ्यासाठी भांडायला मी सांगितलं होतं?” मग ग्रेगरकडे वळून, “तूही बस. मला पाळी कुणी दिली नाही अजून.”

शगने चमचा आपटला. “रोझलीन, तुझी पाळी.”

ती खुर्चीची पाठ धरून गायली. आवाज चिरका, जागोजागी फाटलेला. दुसऱ्या कडव्याला लोक गुणगुणू लागले, मग गाऊच लागले, जलद. ग्रेगरही ओठ हलवत होता. मला वाटलं, झालं, आता ही थांबते. ती थांबली नाही. तिसरं कडवं संपलं तिथे रेकॉर्ड संपते; सगळे टाळ्यांना हात उचलून बसले, आणि ती चौथं म्हणू लागली. बाप रात्रीचा खोकतो, काचेवर वाफ धरते आणि पलीकडचे दिवे एकेक करून दिसेनासे होतात, ते कडवं. बिस्किटांना न परवडणारं. ते कुणालाच येत नव्हतं. गाणारी एकच उरली. ग्रेगरचे ओठ उघडेच राहिले. तो ते विसरून गेला होता.

संपल्यावर तो म्हणाला, “सुरेख, रोझ.”

“तुला विचारलं नाही,” ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

आता रोझलीन म्हणते, “या वर्षअखेरीला माझ्याकडे जमायचं.” तरी माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं वाटतही नाही.

क्लबात नेलेला पांढरा टेबलक्लॉथ मिठाच्या पाण्यात भिजत घातला आहे. बीटाचा डाग पडलाय.